कॉम्प्युटरची खोली आणि अकोल्याचा मे महिना

अकोल्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला उन्हाळा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकलेला असतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की रात्री आठ वाजताही भिंतीला पाठ टेकवावी तर ती तव्यासारखी लागते. आमची मागची खोली दहा बाय बाराची. वर उघडी गच्ची, पश्चिमेला चार बाय चारची खिडकी. एका कोपऱ्यात पलंग, दुसऱ्यात मुलाचं टेबल आणि टेबलाखाली घरोघरी ज्याला सीपीयू म्हणतात तो डबा. मुलगा थ्रीडी ॲनिमेशनचं काम करतो. रात्री मशीन रेंडरला, म्हणजे ॲनिमेशनचं एकेक चित्र तयार करण्याच्या कामाला, लावायचं आणि तिथेच शेजारी झोपायचं, हा त्याचा क्रम.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री दीडच्या सुमारास तो उशी घेऊन हॉलमध्ये आला. बनियन पिळावा इतका भिजलेला. मी त्याच्या खोलीत जाऊन थर्मामीटर पाहिला, ३८ अंश. तोच गच्चीवर नेऊन ठेवला तर थोड्या वेळाने ३१. बाहेर हवा निवली होती आणि पोरगं आत शिजत होतं. "अजून एक पंखा आणू का?" असं मी त्याला विचारलं. त्या पंख्याने खोली गार होण्याऐवजी थोडी आणखीच तापली असती, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

वीज जाते कुठे

पाण्याची मोटर वीज खाते आणि पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते. त्या विजेतला काही भाग उंचावर चढलेल्या पाण्यात साठून राहतो. कॉम्प्युटर असं काहीच उचलत नाही. चिपमध्ये विजेचे अब्जावधी छोटे खटके चालू-बंद होतात, पंखे फिरतात, पडदा उजळतो, आणि शेवटी या सगळ्याची उष्णताच होते. पडद्याचा उजेडसुद्धा भिंतीवर पडून भिंतीत मुरतो. म्हणून ३०० वॅट खाणारा कॉम्प्युटर खोलीसाठी ३०० वॅटचा हीटरच असतो. हीटर कॉइलचा असो की सिलिकॉनचा, खोलीला त्याचं काही नाही.

आता हे ३०० वॅट किती होतात ते बघा. आमच्या खोलीत दहा फूट उंची धरली तर १२०० घनफूट हवा मावते, म्हणजे ३४ घनमीटर. तिचं वजन जेमतेम ३८ किलो. एक किलो हवा एका अंशाने तापवायला एक किलोज्यूल उष्णता पुरते. ३०० वॅटचं यंत्र तासाभरात १०८० किलोज्यूल ओततं. खोली पूर्ण बंद असती आणि भिंती, पलंग, कपाट यांनी काहीच उष्णता शोषली नसती, तर एका तासात हवा २८ अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण भिंती आणि गादी उष्णता पीत राहतात. पण एकदा त्या भरल्या की रात्री तीच उष्णता परत देतात.

यंत्रायंत्रात फरक मात्र फार मोठा आहे. साधा लॅपटॉप २० ते ६० वॅटवर चालतो. ऑफिसच्या कामाचा डेस्कटॉप मॉनिटर धरून शंभरच्या आसपास. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन जोरात चाललं की ३०० ते ५०० वॅट. काही कार्डं एकटीच ४५० वॅट घेतात. शांत बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॅट उष्णता देतो. म्हणजे मुलगा जेव्हा रेंडर लावून झोपत होता, तेव्हा दार बंद असलेल्या त्या खोलीत जणू आणखी तीन माणसं त्याच्याबरोबर झोपलेली असत.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण त्यापायी लोक पाच-दहा हजार रुपये घालवतात. डब्यात जास्त पंखे बसवले, पाण्याने थंड करणारा महागडा कूलर लावला, तर चिप गार राहते, खोली नाही. कपाटातला केर काढून खोलीच्या मधोमध टाकावा तसं ते आहे. कपाट स्वच्छ झालं, केर घरातच. उलट गार राहिलेली चिप जास्त वेगाने पळू लागली तर ती जास्त वीज खाते आणि खोली अधिक तापवते. सीलिंग फॅनचंही तेच. तो घाम वाळवून माणसाला गारवा देतो, हवेला नाही. जुना पंखा ७०-७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे नवे बीएलडीसी पंखे तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. खोलीत कोणी नसेल तर पंखा बंदच करावा, रिकाम्या खोलीत तो फक्त उष्णता वाढवतो.

मीटरपाशी टॉर्च घेऊन

आपलं यंत्र किती खातं ते डब्यावरच्या आकड्यावरून कळत नाही. पॉवर सप्लायवर ६५० वॅट लिहिलेलं असलं तरी ती त्याची कमाल ताकद असते, रोजचा खप नव्हे. प्लगमध्ये बसणारं वॅटमीटर बाजारात मिळतं, पण त्याच्यावाचूनही काम होतं. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी लिहिलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो. आमच्या मीटरवर तो आकडा ३२०० आहे. मी फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर, सगळं बंद केलं आणि फक्त कॉम्प्युटर रेंडरला लावून ठेवला. मुलगा जिन्याखाली मीटरपाशी टॉर्च आणि घड्याळ घेऊन उभा.

"आई, मिनिटाला सतरा!"

हिशोब सरळ आहे. सतरा गुणिले साठ म्हणजे तासाला १०२०. त्याला ३२०० ने भागलं की ०.३२ युनिट, म्हणजे ३२० वॅट. मग त्याने रेंडर थांबवून नुसता ब्राउझर उघडा ठेवला तर मिनिटाला चार लुकलुकी झाल्या, ७५ वॅट. एकाच यंत्राचे हे दोन आकडे पाहिल्यावर आमच्या घरातली निम्मी चर्चा संपली. यंत्र चालू असणं आणि यंत्र राबत असणं यात चौपटीचा फरक होता.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: यंत्राला उगाच पळू देऊ नका. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्के असते. ती ९९ केली की बहुतेक मशीनवर टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचं नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळणं, बंद होतो. आकडा एकाने कमी होतो, पण वीज बरीच वाचते, कारण शेवटच्या थोड्याशा वेगासाठी चिप सगळ्यात जास्त व्होल्टेज मागते. काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, तिथे कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सायलेंट' किंवा 'इको' असं काहीतरी सापडतं. ग्राफिक्स कार्डालाही पॉवर लिमिट, म्हणजे वीज खाण्याची मर्यादा, लावता येते. मुलाने ती ७० टक्क्यांवर आणली. रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो, पण मीटरवर फरक स्पष्ट दिसला. मुलं गेम खेळत असतील तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची तो आकडा, ६० वर बांधून द्या. साठच्या पडद्यावर दीडशे फ्रेम काढणं म्हणजे कोणी न पाहिलेली चित्रं काढून खोली तापवणं आहे.

दोष नेहमी कॉम्प्युटरचाच नसतो

लॅपटॉप वापरणाऱ्यांनी मात्र इथे थांबून वर पाहावं. म्हणजे अक्षरशः वर, छताकडे. आरसीसीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खालपर्यंत झिरपायला काही तास घेतो. म्हणूनच वरच्या मजल्यावर दुपारी एकपेक्षा संध्याकाळी सहा-सातला जीव जास्त घाबरा होतो. पलंगावर उभं राहून छताला तळवा लावून पाहा. छताची खालची बाजू खोलीपेक्षा सात अंशांनी गरम असेल, तर १२० चौरस फुटांतून साधारण ४५० वॅट उष्णता खाली येते. तीही फक्त हवेतून नाही, निखाऱ्याजवळ बसल्यावर जाणवते तशी सरळ अंगावर. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चार-पाचला थेट ऊन आत येत असेल तर त्या दीड चौरस मीटरमधून सहाशे-सातशे वॅट येतात. ४० वॅटच्या लॅपटॉपला इथे बोल लावण्यात अर्थ नाही.

खिडकीचं ऊन बाहेरच अडवावं लागतं. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. बाहेरून बांबूची चिक, हिरवी जाळी, जुनं गोणपाट, काहीही चालेल. गोणपाटावर दुपारी पाणी मारलं तर दुहेरी फायदा. गच्चीवर आम्ही पांढरा चुना मारतो, त्यात चिकटपणासाठी थोडा डिंक घालून. पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन परत पाठवतो. दुपारी अनवाणी उभं राहून पाहा, चुना मारलेल्या भागावर पाय टिकतो, न मारलेल्यावर टिकत नाही. मला विचाराल तर वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने सगळ्यात आधी हेच करावं, एसीच्या दुकानात नंतर जावं. पाऊस आला की चुना धुपतो, दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो.

आणि अडचण इथे येते. विदर्भातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे की सकाळी नऊ-साडेनऊला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि ऊन कलल्याशिवाय उघडायच्या नाहीत. बाहेर ४३ असताना खिडकी उघडणं म्हणजे झळा आत बोलावणं. पण त्याच बंद खोलीत ३०० वॅटचं यंत्र चालू असेल तर त्याची उष्णता बाहेर जाणार कशी? ती जातच नाही. म्हणून जड काम दिवसा करायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. रेंडर रात्री अकरानंतर लागतो, तेव्हा खिडक्या उघड्या असतात. खिडकी कधी उघडायची याचा निर्णय घड्याळावर न सोडता दोन स्वस्त थर्मामीटर ठेवा, एक आत, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की उघडा.

नुसती उघडून मात्र भागत नाही. त्या रात्री मुलाची खिडकी उघडीच होती. खोलीचं दार बंद होतं, त्यामुळे हवा यायला वाट होती, जायला नव्हती. आता टेबलफॅन खिडकीत तोंड बाहेर करून ठेवतो आणि समोरचं दार उघडं ठेवतो. पंखा गरम हवा बाहेर फेकतो, तिच्या जागी दारातून हॉलची गार हवा येते. आतल्या-बाहेरच्या हवेत पाच अंशांचा फरक असेल तर ३०० वॅट बाहेर काढायला तासाला साधारण १९० घनमीटर हवा पुरते. साधा पंखा त्याहून बरीच जास्त फेकतो. लोक हा पंखा आत तोंड करून लावतात. त्याने अंगाला वारा लागतो, पण कॉम्प्युटरमागची गरम हवा खोलीतच घुमत राहते.

माठाचं गणित

कूलर आमच्याकडचा राजा आहे, आणि त्याची विद्या माठाचीच. पाण्याला वाफ व्हायला उष्णता लागते, ती ते हवेतून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून काढून घेतली जाते. पण वाफ होणं हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असतं. ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात धरला की जो आकडा दिसतो, त्याच्या खाली कूलर जाऊच शकत नाही. अकोल्यात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना तो आकडा २४ च्या आसपास असतो, आणि चांगल्या ताट्यांचा कूलर २८ पर्यंतची हवा देतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के असताना तोच आकडा २८ च्या वर. तिथे कूलर जेमतेम चार-पाच अंश उतरवेल आणि अंग चिकट करून सोडेल. मुंबई-कोकणातल्या नातेवाइकांनी आमच्या कौतुकाला भुलून कूलर घेऊ नये.

कूलर चालताना समोरची खिडकी किंवा दार उघडं हवंच, कारण तो एकसारखी नवी हवा आत ढकलतो. बंद खोलीत आतल्या आत ठेवलेला कूलर तासाभरात हवा इतकी दमट करतो की मग पाणी वाफ होईनासं होतं. कॉम्प्युटरला या ओल्या हवेने लगेच काही होत नाही. चालू यंत्र आजूबाजूच्या हवेपेक्षा गरमच असतं, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. भीती आहे ती उडणाऱ्या तुषारांची. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ताट्यांवर पांढरी खरपुडी धरते, तीच डब्यात जाऊन बसेल. म्हणून कूलरचा झोत पलंगाकडे, कॉम्प्युटर त्या रेषेच्या बाहेर.

कूलरबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आमच्या भागात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. लोखंडी पत्रा, पाणी आणि ओले हात, यात मोटरची एक वायर उघडी पडली की पुरे. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. अर्थिंग आहे की नाही ते वायरमनकडून तपासून घ्यायचं, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यायची. विजेची गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. साधी एमसीबी हे काम करत नाही.

एसीबद्दल थोडक्यात. 'एक टन' हे वजन बर्फाचं आहे: ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी, म्हणजे ३५०० वॅट. चुना, चिक, पॉवर लिमिट हे सगळं केलेल्या आमच्या खोलीसारख्या खोलीला एक टन पुरतो. न केलेल्या खोलीत दीड टनही दुपारभर धापा टाकतो. कॉम्प्युटरचे ३०० वॅट बाहेर टाकायला एसी आणखी ८०-१०० वॅट खातो, हेही बिलात धरा.

यंत्राच्या तब्येतीचं म्हणाल तर प्रोसेसर ९५-१०० अंशांना पोहोचला की स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. लॅपटॉपच्या कंपन्या मात्र साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या खोलीतच वापरायला सांगतात. उन्हाळ्यात खरी झिजते ती बॅटरी, आणि पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. दर दहा अंशांच्या वाढीला कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, त्याची हवा आत घेण्याची भोकं बहुधा तळाशी असतात. डबा एप्रिलमध्ये एकदा गच्चीवर नेऊन ब्लोअरने झाडावा. झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. आमच्या डब्यातून गेल्या वर्षी निघालेली धूळ मुठीत मावत नव्हती.

हे सगळं करूनही मुलाची झोप पुरती सुधारली ती वेगळ्याच गोष्टीने. आम्ही डबा खोलीतून बाहेर काढला. खोलीच्या भिंतीपलीकडे जिन्याचा बोळ आहे, तिथे वर झरोका आहे आणि हवा खेळती असते. भिंतीला पाइपाएवढं भोक पाडून घेतलं आणि पाच मीटरची एचडीएमआय वायर टाकली. कीबोर्ड-माउससाठी यूएसबी वायर, तीही पाच मीटरपर्यंतच चालते, त्याहून लांब हवी असेल तर मध्ये रिपीटर लागतो. डब्याला जमिनीपासून वीतभर उंच लाकडी पाट, वर कुंडीला लावतात तसली बारीक जाळी. खोलीत आता फक्त मॉनिटरचे २५ वॅट उरले, आणि पंख्याचा आवाजही गेला. या मे महिन्यात रात्री दीडला मी उठून पाहिलं तेव्हा आतला थर्मामीटर ३२ वर होता, गच्चीवरचा ३०. बोळात डब्याच्या मागे हात धरला तर गरम हवा झरोक्याकडे वर जाताना जाणवत होती. मुलगा भिंतीकडे तोंड करून, पातळ चादर पायाशी ढकलून झोपला होता.